चार खिळे

माताउरा नदीकाठी, कागदाची गिरणी बंद पडलेल्या गावात
फर्गस मिलिगनचा छापखाना आहे.
तिथे एका खणात चार खिळे दोऱ्याने बांधून ठेवलेले.
एच, ई, ए, आर.
"सुटे करायचे नाहीत," म्हणतो फर्गस.
"सारखे लागतात. दर वेळी कोण शोधत बसणार?"

नोएमी खाटीकखान्यातली पाळी संपवून येते,
हाताला अजून मेंढीच्या चरबीचा वास.
कोलंबियातून दक्षिणेच्या या टोकाला आलेली,
इंग्रजी अर्धं बोटांवर, अर्धं गिळलेलं.
तो शिकवत नाही. खिळे जुळवतो नुसते.

पुढे एस ठेवतो: शिअर.
लोकर कातरणं. हे तिला सांगायला नको.

मागे टी लावतो: हार्ट. काळीज.
त्या टीच्या मागे आणखी एक एच: हार्थ.
चूल म्हणावं, तर चूलही नाही नेमकी;
भिंतीतली ऊब, जिच्यापुढे आइल्सा पाय पसरून बसते
आणि मांजर तिच्या पायांवर.

तिच्या भाषेत एच मुका.
हिअर म्हणायला जाते आणि इअर म्हणते,
ऐकणं म्हणायचं असतं, उरतो नुसता कान.
फर्गसला तेही कळत नाही.
त्याचा डावा कान यंत्राने केव्हाच खाल्ला,
उजवा अर्धा राहिलाय, तो तो बायकोसाठी जपून वापरतो.

मी हे आपल्या लिपीत लिहितोय
आणि इथे कुणाचं कुणाशी नातंच दिसत नाही.
शिअर, हार्ट, हर्ड, हर्स:
चार घरी दत्तक गेलेली भावंडं जणू.
त्यांना ऐकून भागत नाही,
शिशात, उलटं, उजवीकडून डावीकडे
पाहावं लागतं.

मग एस आणि ई: हर्स.
मढं नेणारी काळी गाडी.
आणि आर-ई पुढे लावून: रिहर्स.
नोएमी थबकते. "गाडी परत येते? माणसाला घेऊन?"
फर्गस हसतो, खोकतो, चष्मा पुसतो.
नाही गं. रिहर्स म्हणजे तालीम.
पण मुळात दोन्हींत कुळव आहे, शेतातला, दातेरी.
जुन्या काळी शवपेटीवर मेणबत्त्यांची चौकट ठेवत,
ती कुळवासारखी दिसे, म्हणून हर्स.
आणि तेच तेच पुन्हा म्हणणं
म्हणजे कुळवलेल्या रानात दुबार पाळी घालणं.
"माझा बाप घालायचा," तो म्हणतो. "ढेकूळ फुटेपर्यंत."

जूनमध्ये, नदीवर धुकं गोठलेलं असताना, आइल्सा गेली.

फर्गस केसपाशी उभा राहिला आणि त्याला
एकही अक्षर सापडेना.
तेव्हा नोएमीने पत्रिका जुळवली.
गाडी अकरा वाजता दारातून निघेल,
एवढ्याच ओळीसाठी तिने बांधलेले चार खिळे उचलले,
मागे एस, ई लावले,
आणि दोरा सोडताना कोणी ओरडलं नाही.

पन्नास प्रती. शाई वाळायला चार तास.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी रिकाम्या खुर्चीला
दिवसभराचं सांगत बसतो. कागदाचा भाव. मांजराचं जेवण.
कालचंच, परवाचंच.
दुबार पाळी.

नोएमी खिळे धुऊन, पुसून खणात टाकायला येते.
चार बाजूला काढते, नव्या दोऱ्याने बांधते,
त्याच्या उजव्या बाजूला वाकते
आणि म्हणते, पहिलंच अक्षर जपून उच्चारत,
हिअर.

त्याला ऐकू येत नाही.
गालावर मात्र एक गरम झुळूक लागते.
"एच," तो म्हणतो,
आणि गाठ नीट बसली का ते बोटाने चाचपून बघतो.