चौथं घर

मार्केट यार्डात दिवसभर हळद तोलून
सहाच्या सिटी बसनं मिरजेला जातो.
गिटार मांडीवर उभी धरली की कंडक्टर म्हणतो,
"इरगोंडा, हिचं तिकीट कोण काढणार?"

आवळे सरांची खोली मिशन कंपाउंडच्या मागं.
एक पंखा, दोन खुर्च्या,
खिडकीच्या गजावर वाळत घातलेले मोजे.
पहिल्या दिवशी त्यांनी तारांआधी माझे हात बघितले.
"डावा फार दाबतोय," म्हणाले,
"म्हणून उजवा ओरडतोय."

खरंच होतं.
पोत्याची गाठ आवळायची सवय डाव्याला,
पेरं पांढरी पडेस्तोवर
तार धरून बसायचा,
जशी काय ती उधारी बुडवून पळणार आहे.
उजवा मग त्याच्यावर आवाज चढवायचा.
करंगळी दोघांच्या भांडणात नव्हतीच,
हवेत ताठ, पाहुण्यासारखी.
रुमालाखाली सौदे व्हायचे तेव्हाही
तिची पाळी शेवटी.

"बोट नुसतं ठेवा. दाबू नका. वाजवा."
ठप्प.
"जरा दाबा."
भुणभुण.
"अजून जरा..."
स्वर निघाला, स्वच्छ,
आणि सर म्हणाले, "बास. इथंच."

इथंच.
साखळीच्या जुन्या तराजूवर आण्णा
शेवटची चिमूट सोडून
असाच हात मागं घ्यायचे,
काटा हलायचा थांबायच्या आतच.
आता काटा इलेक्ट्रॉनिक.
तांबडे आकडे आपले आपण थांबतात,
माझ्या हाताला काही विचारत नाहीत.

रात्री गच्चीवर बसतो.
एका घराला एक बोट,
पहिलं, दुसरं, तिसरं, आणि ती.
घड्याळाच्या एका टोल्याला एक स्वर.
उजवा पुढं पळतो. परत.
डावा आवळतो. परत.
शेजारचे मगदूम खालून विचारतात,
"गाणं कधी सुरू होणार?"
सुरू झालंय की, मी म्हणत नाही.

स्वस्तातली गिटार, पट्टीचं लाकूड फिकट.
साबणानं कितीही धुतले तरी
बोटांतली हळद उतरते तिच्यावर.
पहिल्या घरात गडद डाग, दुसऱ्यात गडद,
तिसऱ्यात तर तर्जनीनं मधल्याचं कामही केलेलं दिसतं.
सर चष्मा कपाळावर सरकवून डाग वाचतात,
आमचा दिवाणजी वही वाचतो तसा.
"इथं कमी झालाय जोर. इथं अजून आहे."

काल त्यांनी बोट ठेवलं ते चौथ्या घरावर.
मला आधी धूळच वाटली.
पुसायला गेलो,
तर हात धरला त्यांनी.
फिक्कट, करंगळीच्या टोकाएवढं,
पिवळं.