बावीस फूट

आधी चाकं आली.
बिडाची चार, भोसरीच्या फाउंड्रीतून,
अंगाला वाळू, आतून अजून कोमट.
स्कूटरच्या पायाशी ठेवून आणत होतो
तर नाशिक फाट्याला हवालदारानं थांबवलं.
कसली चाकं?
इंजिनाची, म्हटलं.
आणि इंजिन?
व्हायचंय.
सोडलं त्यानं. वेड्याला पावती कसली फाडणार.

त्याला अकरा वर्षं झाली.

धनकवडीत दुसऱ्या मजल्यावर,
जिथे कुमुदचे पापड वाळायचे त्या गॅलरीत
कंपनीच्या लिलावात घेतलेला छोटा लेथ.
तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर सही करून पार्ट काढले,
कुठल्या यंत्रात गेले कधी कळलं नाही.
इथे पिस्टन माझा, क्रॉसहेड माझं,
सुतानं चुकलेला कनेक्टिंग रॉडही माझाच.
(तो अजून खिडकीला अडसर म्हणून आहे.)
एकदा कणकेत पितळेचा कीस निघाला.
सोनं असतं तर मळून टाकलं असतं, कुमुद म्हणाली,
आणि परात दारात आणून ठेवली.

बॉयलर तांबट आळीत झाला.
मधुसूदन करडे, वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभर बंब केले.
नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला,
म्हणाले, बंबच की हा. आडवा निजलाय.
बंबाला नळी एक, ह्याला एकोणीस कशाला?
लवकर तापावा म्हणून.
एवढी घाई कुणाला आहे?
तरी केला. चांदीचे डाग दिले,
भात्याच्या उजेडात तांबं
पिकल्या जांभळाच्या रंगावर येईपर्यंत.

मग हातपंपानं पाणी दाबलं, दोनशे पौंड.
काटा जागचा हलला नाही.
पण खालच्या कडेला एक थेंब धरला, मोहरीएवढा.
करडे म्हणाले, घाम आहे.
मी म्हटलं, गळती.
दोन महिने बोलले नाहीत.
मग एका दुपारी फोन:
आणा तो तुमचा घाम.

एकशे ऐंशी किलो. लिफ्टमध्ये मावेना.
मार्केट यार्डाचे चार हमाल, दोन वासे, सुंभाचा दोर,
प्रत्येक वळणावर भिंतीचा थोडा रंग घेत
खाली आलं एकदाचं.
गाडी कुठंय ह्याची? एकानं विचारलं.
मी रूळ दाखवले:
जनरेटरपासून वॉचमनच्या खुर्चीपर्यंत,
बावीस फूट.
वर्षाला दोन.

कोळसा राममिलनच्या इस्त्रीच्या टपरीतला.
वीस पौंड. चाळीस. काटा रेंगाळतो.
जिन्यावरून कुमुद: कुकरला इतका वेळ लागत नाही.
ऐंशी.
सेक्रेटरी धुराची तक्रार घेऊन आले होते,
ते कठड्याला धरून उभेच राहिले.
मी रेग्युलेटर उघडला, हलकेच,
आणि इंजिन
मागे निघालं.

जनरेटरला टेकण्याआधी थांबवलं.
दांडीचा जोड मीच उलटा बसवलेला.
मग दांडी मागे ओढली, आणि ते पुढे आलं,
चार ठोक्यांत एक श्वास, ओलसर, तेलकट,
सिलिंडरखाली पाण्याची पिचकारी सोडत.
मागच्या ट्रॉलीवर करडे, चपला हातात,
पाहुण्यांच्या घरी बसावं तसे ताठ.
बावीस फूट पुढे. बावीस मागे. अकरा वेळा.
वॉचमनला खुर्ची हलवावी लागली.

जोड अजून सुधारला नाही.
पुढे जायचं तर दांडी मागे घ्यायची,
हाताला आता तेच बरं वाटतं.

रात्री राख काढली, ताडपत्री टाकली.
सोसायटी झोपल्यावर खाली
तांबं निवताना टिकटिक करत होतं, मधेच थांबून.

सकाळी सहाला फोन.
पाणी कसं आहे?
अनवाणीच उतरलो, बॉयलरच्या पाठीवर हात ठेवला.
कोमट.
अजून कोमट?
हो.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, बंब चांगला झालाय.