कंट्रोलची ओळ

काटोल रोडला, कळमेश्वराच्या पुढे,
संत्र्यांच्या गर्दीत चव्वेचाळीस झाडं सफरचंदाची.
बांधावरून जाणारा हटकून विचारतो,
"काहून लावले बाप्पा हे इकडं?"
मी म्हणते, प्रयोग आहे.
माणूस मान हलवून पुढं जातो,
दवाखान्याच्या पाटीसमोरून जावं तसा.

नागपूरच्या थंडीला हे झाड थंडी मानत नाही.
चार रात्री कुडकुडतं, संपलं.
मग फोफावत सुटतं, शेंड्यामागून शेंडा,
फुलाचं नाव नाही;
झोप न झालेलं पोर
मध्यरात्री बडबडत सुटावं, तसं.

म्हणून हे औषध.
बाटलीवर लिहिलंय, संजीवक.
काम एवढंच, थांब म्हणायचं.
तानबाजी तोंडाला दुपट्टा बांधतात, पंप पाठीवर घेतात,
"मॅडम, झाड मरन त नाही ना?"
नाही हो. मरत नाही.
फक्त पेरं आखडतात.
दोन पानांमधलं अंतर चार बोटांवरून
दोन बोटांवर येतं
आणि पान होतं गर्द, काळपट हिरवं.
बघणारा म्हणतो, काय तब्येत आहे!

दर सोमवारी मी टेप लावते.
लाल दोरा, फवारलेलं.
पांढरा दोरा, कंट्रोल.
कंट्रोल म्हणजे ज्याच्यावर कुणाचाच कंट्रोल नाही,
ज्याच्यावर नुसतं पाणी मारायचं
आणि जाऊ द्यायचं जाईल तिकडे,
त्याशिवाय बाकीच्यांचं थांबणं
मोजता येत नाही.

माझी नेमणूक अकरा महिन्यांची.
मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा.
ही सहावी.
सर म्हणतात, तुमचा अनुभव आता
चांगलाच दाट झालाय.

काल पांढऱ्या दोऱ्याचं एकोणीस नंबर
हाताबाहेर गेलं.
टाचा उंचावल्या, वहीची पाटी पायाखाली घेतली,
शेंडा काही लागेना.
तानबाजी म्हणाले, "वाकवू का फांदी?"
नको म्हटलं.
रकान्यात लिहिलं: मोजता आलं नाही.
हा काही आकडा नाही. सर खोडतील.
खोडू देत.

पण लाल दोऱ्याच्या बाराला,
आखडलेल्या पेरांच्या अगदी बेचक्यात,
एक कळी आलीये. अवेळी, गुलाबी,
वाटाण्याएवढी.
तिच्यासाठी वहीत रकानाच आखलेला नाही.
मी दोनदा पान उलटून पाहिलं.