चौदा पाट्या

निवडणुकीनंतर सत्तावन्नाव्या दिवशी फोन आला:
जमलं म्हणे. चौदा पाट्या हव्यात, शुक्रवारपर्यंत.
माझं दुकान रीगात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत.
किल्ल्या, कुत्र्यांचे बिल्ले, थडग्यांवरची नावं
आणि मंत्री.

पक्ष चार. बंदरवाले, जंगलवाले,
चष्म्यातली तरुण मंडळी, जाहीरनाम्यात सायकली फार,
आणि म्हाताऱ्यांचा एक, पेन्शनीपुरता.
शंभरातले त्रेपन्न.
टीव्हीवर चौघांनी एकच पाव मोडला,
काळा, राईचा.
बंदरवाल्यानं कडेचा तुकडा उचलला
तेव्हा स्कैद्रीते म्हणाली, "हा दाराजवळ बसणार."
माझी बायको राजकारण ताटावरून ओळखते.

मी कोरत बसलो.
आमच्या अक्षरांवर कुठे कुठे एक आडवी रेघ असते,
स्वर लांबवणारी. ती सुटली
तर माणूस दुसराच होतो.
आमच्या भाषेत लग्न आणि शेळ्या
यांच्यात त्या एका रेघेचंच अंतर आहे.

पितळेचा कीस बोटांना चिकटत होता
आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.
सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा
मी मत दिलेलं माणूस त्या चौदांत होतं:
व्हिज्मा क्रेस्लिना, शिक्षण. लाटगालेची, तळ्याकाठची.
प्रचारात उणे अकरात
हातमोजा काढून तिनं माझा हात धरला होता.
तिची पाटी मी दोनदा घासली.

दोन हिवाळे निघाले.
मग एका शाळेवरून अडलं.
एकेचाळीस मुलं, एक शिपाई, एक घोरणारा बॉयलर.
चष्मेवाले म्हणाले, आकडे बघा.
म्हातारे म्हणाले, नातवंडं बघा.
जंगलवाले म्हणाले, बघू, आधी लाकडाचा कायदा.
बंदरवाला गप्प. कडेलाच होता तो.
व्हिज्मानं सही केली,
तिच्याच तळ्याकाठची शाळा बंद करायच्या कागदावर.
दुसऱ्या दिवशी राजीनामाही दिला, हे खरं.
पण आधी सही, मग राजीनामा.
या क्रमाचं मला लागतं.
कोरलेलं मागे घेता येत नाही, हे माझ्या धंद्यात
पोरगं पहिल्या आठवड्यात शिकतं.

मार्चात, लोक बर्चच्या बुंध्याला भोक पाडून
रसासाठी बरण्या टांगतात त्या दिवसांत,
बंदरवाले उठून गेले.
त्रेपन्नाचे चव्वेचाळीस.
पितळ उघडं पडलं, असं म्हणायला
मला तोंड नाही. पितळच विकतो मी.
"झाल्या शेळ्या," स्कैद्रीते म्हणाली
आणि सूप गरम करायला उठली.

पाट्या परत आल्या, बुटांच्या खोक्यात,
चौदाच्या चौदा, एक स्क्रू कमी.
सोबत हिशेबखात्याची चिठ्ठी:
काटकसर म्हणून नवी नावं मागच्या बाजूवर कोरावीत.

पाटी कोरी नसते हो कधी.
पालथी असते.

नव्या यादीत नऊ नावं जुनीच. दालनं बदललीत.
बंदरवाला आता अर्थखात्यात, खिडकीजवळ.
व्हिज्माच्या पाटीमागे कोण येणार
ते यादीत आहे, पण मी अजून
ती पाटी वर ठेवलेली नाही.

काल एक म्हातारा आला, डोनाट्स नावाचा.
लेकीकडे आलो होतो म्हणाला,
आणि हातरुमालातून एक किल्ली काढली.
शाळेची.
"शाळा तर बंद झाली ना?"
"नळांना कुणी सांगितलंय? गोठतात. जावं लागतं."
त्याला दोन हव्या होत्या.
दुसरी कुणासाठी, मी विचारलं नाही.
यंत्र लावलं.
खालच्या ताटलीत
मंत्र्यांचा कीस अजून झाडायचा होता,
त्यावरच किल्लीचा पडत गेला.
डोनाट्स वाकून बघत होता,
आवाज वाढला की डोळे मिटायचा.