बारसं

स्क्रीन रीडर म्हणायचा : बटन.
टॅब दाबला. बटन.
पुन्हा टॅब. बटन.
सतरा बटनं, सगळ्यांचं नाव एकच,
आणि त्यातलंच एक माझा आवाज बाहेर सोडणारं.

एकदा भलतंच दाबलं गेलं
आणि सिडकोतल्या खोलीतलं आमचं भांडण,
गॅस कुणी बंद केला नाही यावरचं,
दुबईतल्या एका श्रोत्यानं अख्खं ऐकलं.
त्यानं कळवलं : वहिनींचं बरोबर आहे.

तेजल बोरस्ते अंबडहून ड्यूटी संपवून आली.
म्हणाली, स्क्रीन बंद करा,
मलाही असंच बसू दे.
अर्ध्या तासात तीनदा चिडली,
एकदा नुसतंच नाक ओढलं.

इतके दिवस मी नावं ठेवत होतो,
तिनं नाव ठेवलं.
एकेकाला. रात्री दीडपर्यंत.
आत्या कानात कुर्र करते तसं
हेडफोनमध्ये येत गेलं :
माईक.
गाणं थांबवा.
प्रक्षेपण सुरू.

आवाज फार चढला की वर कुठेतरी लाल होतं म्हणे.
ते लाल तिनं डाव्या कानात आणून ठेवलं,
आता मी ओरडलो की
गंगापूर धरणावरची टिटवी ओरडते.

सतरावं तेवढं राहिलं.
ते कशाचं, तिलाही उलगडेना.
मंगळवारी नऊला,
‘नमस्कार, नाशिकहून मुकुंद गांगुर्डे’ म्हणायच्या आधी
टॅब त्याच्यावरून जातो.
ते म्हणतं : बटन.
मी म्हणतो, थांब बाबा,
तुझी आत्या अजून यायचीय.