पानी कितीक खोल होता

नऊ महिन्यांनी घरी आलो, तर खाट हलत नाही.
झोप लागत नाही ती त्यामुळे.
मायला वाटतं, मच्छर.

सकाळी ढिवरटोलीतली माणसं ओट्यावर येऊन टेकतात,
वलथऱ्याचा पोरगा जहाजावरून आला म्हणून.
पगार किती, गोरे लोक काय खातात,
एवढं विचारून झालं की विडी पेटते
आणि झिंगर काका म्हणतो,
तुफान सांग ना गा.

तर, सफरीचा एकसष्टावा दिवस. एकशेचौदांपैकी.
पहाटे कप्तान भोंग्यावर बोलला, हळू, गोड,
ऑपरेशनआधी डॉक्टर बोलतो तसा.
मग आम्हाला कामं वाटली.
जिन्याच्या कठड्याला ओकारीच्या कागदी पिशव्या खोचायच्या,
दर चार पायऱ्यांना एक;
मी खोचत गेलो, लग्नाच्या मांडवाला
आंब्याची पानं खोचतात तशा.
टेबलावरच्या चादरी ओल्या करायच्या,
म्हणजे ताटं सरकत नाहीत.
पोहायचा हौद रिकामा करायचा,
कारण तोही समुद्र व्हायला बघत होता.
नाचघरातला पियानो आम्ही सहा जणांनी दोरांनी आवळला,
बाजारातून आणलेल्या गोऱ्ह्यासारखा,
तरी रात्रभर आतून हुंकारत राहिला.

दुपारी लाट सहाव्या मजल्याच्या काचेवर आली.
'म्हंजे आपल्या टाकीएवढी?'
टाकीवर अजून एक टाकी ठेवा, काका.
काकाची विडी विझली.

सातशेचौदा नंबरात एक म्हातारी होती, एकटीच.
हिरवी सफरचंदं वाटत मी तिथं पोचलो
तेव्हा ती न्हाणीघरात जमिनीवर बसलेली,
अंगात नारिंगी जॅकेट, ओठांना नीट लाली.
बैस, म्हणाली.
पाहुण्यांच्या खोलीत बसायची आम्हाला मनाई आहे.
बसलो.
तुझ्या घराजवळ कुठला समुद्र, तिनं विचारलं.
म्हटलं, कुठलाच नाही. कुठूनही निघा, रेल्वेत रात्र काढावीच लागते.
मग तिला तलाव सांगितला.
एका झाडाच्या बुंध्यातून कोरलेला बाबाचा डोंगा सांगितला,
वारा सुटला की उभं राहायचं नाही,
मधोमध बसायचं, वल्हं पाण्यात तसंच धरायचं,
पाण्याशी भांडायचं नाही.
किती खोल? ती म्हणाली.
दीड पुरुष. वैशाखात गुडघाभर.
ती हसली, आणि तेवढ्यात जहाज खाली गेलं,
विहिरीत बादली सुटावी तसं,
आणि तिची नखं माझ्या मनगटात.

मग आम्ही मासे मोजत बसलो.
मी म्हणायचो मरळ, ती म्हणायची मरल.
शिंगूर. सिंगर.
दाडक तिला शेवटपर्यंत जमला नाही.
संध्याकाळी लाटा उतरल्या,
सुपरवायझरनं माझी दोन तासांची गैरहजेरी लिहिली.
मनगटावरच्या खुणा तो गेल्यावर मी पाहिल्या.

ओट्यावर कुणी बोललं नाही.
बाबा कोपऱ्यात जाळं सांधत होता,
इतका वेळ त्यानं मान वर केली नव्हती.
आता केली.
'पानी कितीक खोल होता?'
चार हजार मीटर, मी म्हटलं,
पडद्यावर आकडा दिसायचा.
बाबानं उभा जन्म तलाव बांबूनं मोजलाय.
सुतळी दातांत धरून तो जरा वेळ
त्या आकड्याकडे बघत राहिला,
जणू तो आकडा समोरच्या बाभळीवर टांगला होता.
'मंग बांबू कायच्या कामाचा,' म्हणाला.
आणि जरा थांबून,
'अन् तू बसला का मधात?'
बसलो.
त्यानं पुढची गाठ मारली.

त्या रात्री चादर घेऊन तलावावर गेलो,
डोंगा खुंटीला आखडून बांधला,
आत आडवा झालो.
सिंगाड्याच्या वेलींना लागून पाणी जेमतेम हलत होतं,
मोहाचा वास, पलीकडे कुठं टिटवी.
झोप कधी लागली कळलं नाही.

पहाटे उठलो तर दोर,
मी बांधला होता त्याहून
हातभर सैल.

मायला सांगितलं, मच्छरच होते.