व्हॉल्वपासून व्हॉल्वपर्यंत

डॉक्टर मुगळीकरांनी दंडावरचा पट्टा सैल केला, फुस्स झालं.
म्हणाले, वरचा एकशे सत्तर.
गोळी घ्या, लोणचं सोडा, आणि जमलं तर
स्टेशन रोडच्या मंगल कार्यालयात शिबिर आहे,
सात दिवस, सकाळचं, फुकट.
श्वासाकडे बघायला शिकवतात.
मी म्हणलं, साहेब, बत्तीस वर्षं तेच बघायलो.
ते हसले. त्यांना वाटलं, गंमत करायलो.

गेलो. सतरंजीवर बसलो.
डोळे मिटा, बाई म्हणाल्या.
श्वास आत येतो, बघा. बाहेर जातो, बघा.
मला दिसला तो गुडघा.
मग पंखा, त्याचं एक पातं वाकडं,
मग मोंढ्यातल्या मारोती हमालाचा हातगाडा,
ज्याचं चाक मी खोलून तसंच टाकून आलेलो,
मग मारोती, मग मारोतीचं तोंड.
विचार आला तर जाऊ द्या, बाई म्हणाल्या.
जाऊ दिला. तो बाहेरून आणखी चार घेऊन आला.
चौथ्या दिवशी मी घोरलो.
शेजारच्या बँकवाल्यानं कोपरानं ढोसलं.
पाचव्या दिवशी दुकान उघडलं.

दुकान म्हणजे काय, परभणीत जिंतूर नाक्यावर लिंबाखाली
एक पेटी, एक पंप, फांदीला टांगलेला टायर
आणि घमेलं.
घमेल्यातलं पाणी आठ-आठ दिवस तेच.
नळ आला की आधी रांजण, मग हंडे,
मग उरलं तर धंद्याला.
काळं असतं. त्यात लिंबोळ्या, विडीचं थोटूक,
कधी आभाळाचा तुकडा, तोही मळका.

इलियासचाचांनी शिकवलं तेव्हा मी बारा वर्षांचा.
घाई करू नको रे, म्हणायचे.
ट्यूब बुडव, जराशी दाब, थांब.
भोक आपल्या तोंडानं सांगतं कुठं आहे ते.
तू फक्त गप ऱ्हा.
मी गप राहायचो, कारण ते हाणायचे.

परवा दुपारी दोनला, डांबर पातळ झालेलं,
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही,
खंदारे कंडक्टरची धाकटी आली सायकल ढकलत.
मागचं चाक बसलेलं.
दप्तर मांडीवर घेऊन दगडावर टेकली.
ट्यूब काढली, हवा भरली, बुडवली.
व्हॉल्वपासून सुरू केलं.
एक वीत. काही नाही.
पुढं सरकवली. दाबली. थांबलो.
एक जुनं ठिगळ आलं, माझंच,
दोन उन्हाळ्यांपूर्वीचं, अजून धरून होतं.
पुढं सरकवली.
बोटं पाण्यात, पाणी गार,
पाण्याला काही सांगायचं नव्हतं
आणि मला काही विचारायचं नव्हतं.
गुडघा आला नाही. मारोती आला नाही.
एकशे सत्तर आला नाही.
लिंबाचं एक पान ट्यूबला अडून बाजूला झालं,
तेवढंच घडलं.
फेरी पुरी झाली, व्हॉल्व परत हातात आला.
मग का कोण जाणे, मी आणखी एकदा फिरवली.

सापडलं का, काका?
न्हाई. भोकच न्हाई. कुणीतरी हवा सोडली असंल.
मला म्हाईत आहे कुणी, ती म्हणाली,
आणि दप्तराचा बंद असा आवळला
की त्या पोराची मला काळजी वाटली.
किती झाले?
कशाचे? मी म्हणलं.

काल पुन्हा बघावं म्हणलं.
गिऱ्हाईक नसताना एक धड ट्यूब
घमेल्यात घालून मुद्दाम बसलो.
पायाला मुंग्या आल्या. लोणच्याची आठवण आली.
मग मारोती आला,
खराच आला, गाडा ओढत, लांबूनच शिव्या देत,
चाक तीन ठिकाणी फुटलेलं.
ये, म्हणलं, बस.
त्याची ट्यूब बुडवली
आणि पाणी बडबडायला लागलं.